आपले वैद्यसमूह : परिषद की सूचनाफलक?

नांदेड जिल्ह्यात सोळा आणि लातूर जिल्ह्यात दहा तालुके आहेत. या सव्वीस तालुक्यांपैकी वैद्यांचा व्हॉट्सअ‍ॅप समूह नाही असा तालुका आज विरळाच. याशिवाय जिल्ह्याचा वेगळा, माजी विद्यार्थ्यांचा वेगळा, पंचकर्म करणाऱ्यांचा वेगळा, आणि औषधनिर्मात्यांनी आपल्या ग्राहक वैद्यांसाठी उघडलेला आणखी वेगळा. एकेका वैद्याच्या मोबाइलमध्ये असे आठ-दहा समूह सहज सापडतात. परस्परसंपर्काची इतकी साधने आपल्या आधीच्या कोणत्याही पिढीस लाभली नव्हती. असे असूनही, चिकित्सेत एखादी खरी अडचण आली तर ती यांपैकी कोणत्या समूहात मांडाल, असे विचारल्यास बहुतेक वैद्यबंधू क्षणभर घुटमळतात आणि म्हणतात, ‘समूहात नको, अमक्यांना फोनच करतो.’ या घुटमळण्याचे निदान करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समूहांत सध्या काय चालते हे वाचकांस ठाऊकच आहे. सुप्रभात, वाढदिवस, श्रद्धांजली, चर्चासत्राचे माहितीपत्रक, कोणत्या तरी कल्पाची जाहिरात आणि मधूनच एखादा राजकीय संदेश. यातून वाद झाला की समूहचालक एक कळ दाबतो आणि यापुढे केवळ चालकांनीच संदेश पाठवावेत अशी व्यवस्था होते. ही सोय २०१८ साली आली आणि आपल्या संघटनांनी ती फार आवडीने स्वीकारली. त्या क्षणापासून समूहाचा सूचनाफलक होतो. सूचनाफलक लावण्यास माझी हरकत नाही. तो दवाखान्याबाहेरही असतो. परंतु त्यालाच आपण ‘जिल्ह्यातील वैद्यांचे व्यासपीठ’ म्हणू लागलो आहोत, हे काही बरोबर नाही.

आपल्या शास्त्रास हा विषय नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचा विचार आला आहे. दुर्दैवाने आपण तो पदवी परीक्षेतील टीपेपुरता वाचतो. संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा असा भेद लिहिला की गुण मिळतात आणि विषय संपतो. वस्तुतः तो अध्याय म्हणजे व्यावसायिकांनी एकत्र बसून कसे बोलावे याची नियमावलीच आहे. ज्याच्याशी मैत्रीपूर्ण चर्चा करावयाची तो ज्ञानी असावा, न रागावणारा असावा, मत्सर करणारा नसावा आणि समजावले असता समजून घेणारा असावा. अशा सहकाऱ्याशी बोलताना हार होईल या भयाने गप्प राहू नये. आपला पक्ष सरस ठरला म्हणून हर्षाने नाचू नये. गुरू जे रहस्य शिष्यास प्रसन्न होऊन क्रमाक्रमाने सांगतो, तेच वादाच्या भरात, जिंकण्याच्या ईर्षेने, वैद्य एकदम सांगून टाकतो, असे मनुष्यस्वभावाचे अचूक निरीक्षणही तेथे आहे. परिषदेचे ज्ञानवती आणि मूढ असे दोन प्रकार सांगून त्या प्रत्येकीचे सुहृत्, उदासीन आणि प्रतिनिविष्ट असे तीन भेद केले आहेत. आपला तालुका समूह यांपैकी कोणत्या भेदात बसतो, याचे उत्तर ज्याने त्याने मनाशी द्यावे. प्रतिनिविष्ट, म्हणजे आधीच वैर धरून बसलेल्या परिषदेत वादाला उतरूच नये, असा आचार्यांचा सल्ला आहे. आपले कितीतरी अभ्यासू वैद्य समूहात मौन पाळतात, ते हा सल्ला न वाचताही पाळत असतात.

याहून बोलके उदाहरण सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात आहे. चैत्ररथ वनात ऋषी जमले आहेत आणि रस किती, हा प्रश्न चर्चेस आला आहे. भद्रकाप्य म्हणतो एकच; शाकुन्तेय म्हणतो दोन; पूर्णाक्ष मौद्गल्य तीन; हिरण्याक्ष कौशिक चार; कुमारशिरा भरद्वाज पाच; राजर्षी वार्योविद सहा; विदेहाचा निमी सात; बडिश धामार्गव आठ; आणि बाह्लीक देशाहून आलेला वैद्य काङ्कायन तर म्हणतो, रसांची गणतीच होत नाही. पुनर्वसु आत्रेय सर्वांचे ऐकतात, एकेक पक्ष कारणे देऊन खोडतात आणि रस सहाच, असा निर्णय देतात. विशेष गोष्ट अशी की, संहिताकाराने नाकारलेली मतेही ती मांडणाऱ्यांच्या नावानिशी आणि त्यांच्या युक्तिवादासह जपून ठेवली. बाहेरदेशीच्या काङ्कायनास कोणी समूहातून काढून टाकले नाही. सहाच रस का, हे आज विद्यार्थ्यास नीट समजते, याचे मोठे कारण सात आणि आठ म्हणणारेही ग्रंथात अद्याप बोलत आहेत.

येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आमच्या जिल्ह्यातील एक ज्येष्ठ वैद्य नेहमी म्हणतात, ‘शास्त्र काय बहुमताने ठरवणार? लोकशाही ग्रामपंचायतीत ठीक.’ त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. आत्रेयांनी हात वर करावयास लावून रस मोजले नाहीत. निदान, द्रव्यनिश्चिती, मात्रा, अनुपान हे विषय पुराव्याने आणि युक्तीने ठरावयाचे. तेथे शंभर मते एका नीट लिहिलेल्या रुग्णनोंदीपुढे फिकी आहेत. परंतु समूहाचा चालक कोण असावा, त्याची मुदत किती, कोणाचा संदेश का काढला, चर्चासत्राला प्रायोजक कोण आणि त्याचा पैसा कोठे खर्ची पडला, शासनाला संघटनेच्या नावे निवेदन जाते ते कोणी पाहून संमत केले, हे विषय शास्त्राचे नाहीत, कारभाराचे आहेत. आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे. शास्त्राच्या प्रश्नावर ‘किती जणांचा अनुभव असा आहे’ म्हणून अंगठे मोजले जातात आणि कारभाराच्या प्रश्नावर ‘ज्येष्ठांनी ठरवले आहे’ म्हणून चर्चा बंद होते. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय वाचून होण्याआधीच मागील रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष होतो. मराठवाड्यात तो न ऐकलेला माणूस मिळणे कठीण. आपल्या समूहातील हात जोडलेल्या चित्रांची रांग मला त्या घोषाचीच आठवण करून देते.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा का झाला, हेही सांगितले पाहिजे. १९०७ साली वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला गेला, तेव्हापासून वैद्यांनी एकत्र येऊन आपले म्हणणे आपणच मांडावे ही परंपरा आहे. पुढे १९७०च्या कायद्याने भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद निर्माण झाली. तीत राज्याच्या नोंदवहीतील वैद्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना मोठे स्थान होते. त्या निवडणुकांविषयी आणि त्या परिषदेच्या कारभाराविषयी तक्रारी होत्या, आणि त्या पुष्कळशा खऱ्या होत्या. जून २०२१ मध्ये तिची जागा भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाने घेतली. आयोगाची रचना मुख्यतः नियुक्तीवर आधारलेली आहे. ती चांगली की वाईट, या वादात मी येथे शिरत नाही. एवढे मात्र खरे की, देगलूर किंवा निलंगा येथे बसलेल्या वैद्याला आपला केंद्रीय प्रतिनिधी मत देऊन निवडण्याचा जो मार्ग होता तो उरला नाही. आता त्याचे मत तयार व्हावयाचे, तपासले जावयाचे आणि वर पोहोचावयाचे ते जिल्ह्याच्या संघटनेतूनच. तेथेही त्याने फक्त सूचना वाचावयाच्या, असे ठरले तर त्याने बोलावे कोठे?

नोव्हेंबर २०२०चा प्रसंग आठवून पाहावा. शल्य आणि शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची सूची अधिसूचनेद्वारे प्रसिद्ध झाली. ११ डिसेंबर रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर काम बंद ठेवले. त्या दिवसांत आपले समूह रात्रंदिवस वाहत होते. परंतु त्यात काय होते? घोषणा, प्रतिघोषणा आणि व्यंगचित्रे. या ५८ पैकी प्रत्येक कर्म पदव्युत्तर विद्यार्थ्यास शिक्षणकाळात प्रत्यक्ष किती वेळा करावयास मिळते, भूलतज्ज्ञाची व्यवस्था तालुक्याच्या ठिकाणी कशी होणार, असा प्रश्न एखाद्याने विचारला की त्याची निष्ठा तपासली जाई. वास्तविक हे प्रश्न अधिसूचनेच्या बाजूने उभे राहणाऱ्यासच अधिक उपयोगी होते. बाहेरून आक्षेप येणार हे ठाऊक असताना आतल्या आक्षेपकास गप्प करणे म्हणजे फौज निघण्याआधी टेहळ्याला कोंडून ठेवण्यासारखे आहे.

समूह बंद का ठेवता, असे विचारले की चालक बहुधा कायद्याचे कारण देतात. ‘कोणी काही भलते टाकले तर पोलीस आम्हाला धरतील.’ ही भीती बरीचशी अनाठायी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, सभासदाच्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ चालक आहे म्हणून चालकास जबाबदार धरता येणार नाही. त्यासाठी त्या कृत्यामागे दोघांचा समान उद्देश किंवा पूर्वनियोजित बेत असावा लागतो. तेव्हा कायद्याचा बाऊ करून चर्चा बंद करण्याचे कारण नाही. कायद्याची खरी चाड असेल तर ती रुग्णांच्या छायाचित्रांबाबत दाखवावी. किटिभ, श्वित्र, गुदरोग यांची छायाचित्रे चेहऱ्यासह आणि तपासणीचे अहवाल नावासह आपल्या समूहांतून सर्रास फिरतात. रुग्णाला त्याची कल्पनाही नसते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. पण तो नसता तरी रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्याचा धर्म होताच. रुग्णाची लेखी संमती आणि नाव-चेहरा झाकणे, या दोन गोष्टींवाचून कोणतीही रुग्णनोंद समूहात येऊ नये. येथे चालकाने अवश्य कठोर व्हावे.

दुसरी एक बाब आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या संघटना नोंदणीकृत आहेत. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्त कार्यालयात फेरफार अहवाल द्यावा लागतो. बँकेतील सह्या बदलतात. शिक्का आणि इतिवृत्ताची वही नव्या सचिवाकडे जाते. समूह मात्र ज्याच्या मोबाइल क्रमांकावरून निघाला त्याच्याच मुठीत राहतो. तीन-तीन कार्यकारिणी येऊन गेल्या तरी जिल्ह्याच्या वैद्यांशी बोलण्याची किल्ली पाच-सहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या पदाधिकाऱ्याच्या खिशात असते. तो सज्जन असेल तर निभावते. रुसला तर नव्या कार्यकारिणीस दुसरा समूह काढावा लागतो आणि एका जिल्ह्यात दोन संघटना दिसू लागतात. आपल्या कित्येक फुटींचे मूळ तात्त्विक मतभेदात नसून या किल्लीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता औषधनिर्मात्यांविषयी. या अंकाचे निम्मे वाचक तेच आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आमच्याकडील एका तालुका समूहात मागे एका तरुण वैद्यभगिनीने एक प्रश्न विचारला. रक्तप्रदराच्या काही रुग्णांत अशोकत्वचेच्या चूर्णाचा नेहमीचा गुण येईनासा झाला होता. तिने त्वचेचे छायाचित्र टाकले आणि इतरांचा अनुभव विचारला. निर्मात्याचे किंवा दुकानाचे नाव तिने घेतले नव्हते. काही मिनिटांत तो संदेश काढण्यात आला आणि ‘औषधनिर्मात्यांची बदनामी करणारा मजकूर टाकू नये’ अशी सूचना आली. पुढल्या पंधरवड्यात तिघा वैद्यांनी तिला खाजगीत फोन करून आपलाही अनुभव तसाच असल्याचे सांगितले. समूहात त्यांपैकी कोणीही एक अक्षर लिहिले नाही, आणि तीही त्यानंतर काही लिहीत नाही.

खरा अशोक हा सह्याद्री आणि कोकणच्या ओलसर रानातला वृक्ष. सराका असोका हे त्याचे शास्त्रीय नाव. आपल्या मराठवाड्यात शाळा-कचेऱ्यांच्या आवारात सरळ उंच वाढलेले जे झाड ‘अशोक’ म्हणून ओळखले जाते, ते पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. त्याची साल खऱ्या अशोकाच्या नावाने बाजारात मिसळली जाते, हे द्रव्यगुणाच्या प्रत्येक अध्यापकास माहीत आहे. अत्तार दुकानदाराने ती व्यापाऱ्याकडून घेतली, व्यापाऱ्याने आणखी कोणाकडून. लातूरच्या छोट्या औषधनिर्मात्याची येथे फसवणूक होणे अगदी शक्य आहे. अनुसूची ‘टी’प्रमाणे कच्च्या मालाच्या तपासणीची नोंद त्याने ठेवावयाची असते आणि अन्न व औषध प्रशासनापुढे उत्तर द्यावे लागते ते त्यालाच. मग पाच वैद्यांनी एकाच महिन्यात ‘गुण येत नाही’ असे उघडपणे सांगणे हे त्याच्या शत्रुत्वाचे लक्षण, की त्याला फुकट मिळालेला इशारा? प्रश्न दडपल्याने त्या दिवशी कोणा निर्मात्याचे हित साधले असे मला वाटत नाही. वैद्याने मात्र काय केले? निमूटपणे लांबच्या मोठ्या कंपनीचे औषध लिहू लागला. स्थानिक निर्मात्यांनो, आपले ग्राहक असेच, न बोलता जातात.

अर्थात दुसरी बाजूही आहे. रुग्णाने पथ्य पाळले नाही, निदान चुकले, आणि खापर औषधावर फुटले, असेही घडते. एका संदेशाने वीस वर्षांची पत धुळीस मिळू शकते. यासाठी नियम साधा असावा. वैद्याने कल्पाचे नाव, घाणा क्रमांक, निर्मितीची तारीख आणि रुग्णाचे लक्षण लिहून ते प्रथम निवडलेल्या संयोजकांकडे द्यावे. निर्मात्यास उत्तरासाठी ठरावीक दिवस मिळावेत. आणि त्यानंतर तक्रार व उत्तर ही दोन्ही एकत्र समूहात यावीत, कोणतेही एक दडवू नये. दुष्परिणामाची शंका असेल तर समूहातील चर्चेवर थांबू नये. आयुष औषधांच्या सुरक्षिततेसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाच्या समन्वयाने जी व्यवस्था चालते, तिच्या विहित नमुन्यात नोंद पाठवावी. आणि ज्या सभासदाचा एखाद्या फार्मसीत हिस्सा आहे, किंवा जो तिची व्याख्याने मानधन घेऊन देतो, त्याने त्या विषयावर बोलताना तसे आधी सांगावे. बोलूच नये असे नव्हे; सांगून बोलावे.

सहभाग म्हणजे काय, याचाही विचार नकाशा समोर ठेवून करावा लागतो. किनवट-माहूरचा वैद्य नांदेडपासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. रविवारच्या सभेला तो येतो तेव्हा त्याचा दिवस जातो आणि सोमवारची सकाळही. पेठेतील चार वैद्य चहाच्या वेळी जे ठरवतात त्यावर तो फक्त अंगठा उमटवतो. वैद्यभगिनींची स्थिती याहून अवघड आहे. महाविद्यालयांत मुलींची संख्या लक्षणीय आहे, सूतिका आणि स्त्रीरोगाचा भार त्याच वाहतात. परंतु समूहातील खरी चर्चा रात्री दहानंतर रंगते आणि तिची भाषा कधी घसरेल याचा नेम नसतो. आणि एक गोष्ट आपण मोठ्याने बोलत नाही. ग्रामीण भागात मिश्र चिकित्सा करणारा वैद्य ‘शुद्ध’ वैद्यांच्या टोमण्यांना भिऊन आपला अनुभव सांगत नाही, आणि केवळ आयुर्वेद करणारा ‘तुमचे कसे चालते?’ या कीव करणाऱ्या प्रश्नास कंटाळून सांगत नाही. दोघांकडेही दररोज रुग्ण येतात, दोघांचीही निरीक्षणे वाया जातात.

उपाय फार खर्चाचे नाहीत. सूचनांचा समूह वेगळा ठेवावा आणि चर्चेचा वेगळा. चर्चेच्या समूहास प्रत्येक तालुक्यातून एक याप्रमाणे संयोजक असावेत, निवडलेले, एका वर्षाच्या मुदतीचे, लागोपाठ दोनदा नाही. निवड गुप्त मतदानाने व्हावी. समूहातील मतचाचणीत कोणी कोणास मत दिले हे साधारणपणे सर्वांना दिसते, म्हणून ती या कामास निरुपयोगी आहे, त्यासाठी चिठ्ठीच बरी. पंधरवड्यास एक विषय घ्यावा. रात्री नऊला चर्चा थांबावी. एखादा संदेश काढलाच तर कोणी आणि कोणत्या नियमाने काढला हे त्याच ठिकाणी लिहावे. काढलेल्या सभासदास कार्यकारिणीकडे दाद मागता यावी. याने भांडणे संपतील अशी माझी समजूत नाही. भांडण कशावरून चालले आहे, हे निदान सर्वांना कळेल.

सर्वात महत्त्वाचे काम टिपणाचे. शेकडो संदेशांच्या पुरात चांगली निरीक्षणे वाहून जातात. सहा महिन्यांनी कोणास काही सापडत नाही. प्रत्येक विषय संपल्यावर एका संयोजकाने दीड पानाचे टिपण करावे : प्रश्न काय होता, कोण काय म्हणाले, कशावर एकमत झाले आणि कशावर नाही. अल्पमतात राहिलेल्याचे म्हणणे त्याच्या नावासह आणि कारणासह यावे. अशी टिपणे या त्रैमासिकास दिली तर संपादक मंडळाने त्यांसाठी चार पाने राखून ठेवावीत, अशी विनंती आहे. जाहिरातींची थोडी जागा जाईल. पहिला विषय म्हणून मी अशोकत्वचाच सुचवीन. नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील, लातूरच्या मांजरा महाविद्यालयातील आणि उदगीरच्या धन्वंतरी महाविद्यालयातील द्रव्यगुणाच्या अध्यापकांस खऱ्या-खोट्या सालीची ओळख सांगण्यास बोलवावे, दोन निर्मात्यांनी आपण माल कसा पारखतो ते सांगावे, आणि ज्या भगिनीने तो प्रश्न विचारला तिला चर्चेचे प्रास्ताविक करण्यास सांगावे.

जिल्हा शाखेच्या येत्या वार्षिक सभेसाठी एक ठराव मी लेखी पाठवीत आहे : संघटनेच्या नावाने चालणारा प्रत्येक समूह संघटनेच्या मालकीच्या क्रमांकावरून चालेल, तो क्रमांक इतिवृत्ताच्या वहीत नोंदला जाईल, आणि कार्यकारिणी बदलल्यापासून पंधरा दिवसांत शिक्का, वही आणि धनादेशपुस्तिका यांच्याबरोबर नव्या सचिवाच्या हाती दिला जाईल. ठरावास अनुमोदक हवा आहे. तो शक्यतो किनवट किंवा देगलूरचा असावा.